भिंतीपलीकडची पंगत

मी जेवणाचं टेबल बोलतोय. मला स्वतःला भूक लागत नाही. त्यामुळं भूक म्हणजे काय हे मी माझ्याभोवती बसलेल्या माणसांकडून शिकलो, आणि बसायची इच्छा असून ज्यांना बसता आलं नाही त्यांच्याकडून जरा जास्तच शिकलो.

माझा मुक्काम लोहाऱ्यात. छातीएवढ्या उंचीची एक भिंत आहे. तिच्या अलीकडं मी सहा वर्षं काढली आणि आता पलीकडं दुसरं वर्ष चालू आहे. एवढाच माझा प्रवास. पण या दोन हातांच्या अंतरात मी जे पाहिलं ते सांगण्यासारखं आहे.

मूळचा मी मुरुम गावचा. रस्ता रुंद करताना कडेचा एक जुना कडुलिंब पडला, त्याच्या फळ्या गौरीशंकर सुतारांनी दोन उन्हाळे सावलीत वाळवल्या. कडुलिंबाला वाळवी लागत नाही, म्हणून आमच्या भागात त्याची दारं करतात. ट्रॅक्टर आले तशी गौरीशंकरांची औतं-तिफणींची कामं गेली. मग दारं, देव्हारे आणि कधीमधी एखादं टेबल.

मला करून घ्यायला आल्या त्या पौर्णिमाबाई. लोहाऱ्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवीन घर बांधलं होतं.

"किती खुर्च्या करू, बाई?" गौरीशंकरांनी विचारलं.

"सहा."

"घरात माणसं?"

"तिघं. मी, हे आणि मुलगी."

"मग चारात भागतंय की."

"सहाच करा."

बाई गेल्यावर गौरीशंकर बायकोला म्हणाले, "माणसं मोजून कुणी टेबल करून घेत न्हाय बघ. मनात जेवढी असत्यात तेवढ्यांचं करून घेत्यात." एवढं बोलून त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि भुश्शातच उकिडवं बसून डबा उघडला.

पौर्णिमाबाईंच्या मनात मी फार आधीपासून होतो. ती गोष्ट त्यांनी नव्या घरातल्या पहिल्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितली, म्हणून मला कळली. त्या बेंबळी गावच्या. वडील पिराजी घरांना चुना मारायचे. एका सुट्टीत नऊ वर्षांची पौर्णिमा वडिलांबरोबर तेव्हाच्या उस्मानाबादला एका साहेबाच्या बंगल्यावर गेली होती. वडील बाहेरची भिंत रंगवत होते आणि ती खिडकीतून आत बघत होती. आत टेबल. साहेब, बाईसाहेब आणि तिच्याच वयाची एक मुलगी, सगळे एकाच वेळी जेवत होते. साहेबानं मुलीला विचारलं, "आज काय केलंस दिवसभर?" त्या मुलीनं उत्तरही दिलं नाही. वरणातलं टोमॅटो बाजूला काढत बसली.

"आमच्या घरी जेवायची वेळ अशी नव्हतीच," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "काम सुटेल तसं ज्यानं त्यानं यायचं, आई पातेल्यातून वाढायची, खायचं आणि आडवं व्हायचं. दिवसभर काय केलंस असं कुणी विचारायचं कसं? सगळे एकच तर करत होते."

नवरा प्रसेनजित पाटबंधारे खात्यात होते. ऐकून ते हसले. मग भाकरी मोडता मोडता मुलीला म्हणाले, "काय गं, आज शाळेत काय झालं?"

पौर्णिमाबाईंच्या हातातली पळी वाटीवर तशीच थांबली. पस्तीस वर्षांपूर्वीची खिडकी त्यांनी आतून पाहिली असावी. एवढी सुखी बाई माझ्याजवळ नंतर कधी बसली नाही.

ते सुख जेमतेम दोन महिने टिकलं. भांडण झालं नाही, कुणी आजारी पडलं नाही. प्रसेनजितरावांची बदली भंडाऱ्याला झाली. मुलगी दहावीनंतर लातूरला क्लासला गेली आणि तिथून पुण्याला. साहेब महिन्यातून एखाद्या शनिवारी यायचे, तेही प्रवासानं आंबून. सहा खुर्च्या आणि एक बाई राहिली.

टेबलावर जेवणारं कुणी नसलं की त्याच्यावर बाकी सगळं येऊन बसतं. तपासायच्या वह्या आल्या, गोळ्यांची पाकिटं आली, चार्जर, इस्त्रीचे कपडे, अर्धी तुरीच्या डाळीची पिशवी. पौर्णिमाबाई ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवायला लागल्या. कधी बसल्याच तर एक कोपरा मोकळा करून बसायच्या. आणि तिथं बसल्या की त्यांची नजर खिडकीबाहेर जायची.

खिडकीतून शेजारची ओसरी दिसे. ते बिभीषणचं घर. बिभीषण पाऊणशे वर्षांकडं झुकलेला, दारात पाच-पन्नास शेळ्या आणि थोडी जमीन. बायको धुरपताबाई. थोरला कुमार लोहारा-उमरगा रस्त्यावर जीप चालवायचा, धाकटा वैजनाथ शेळ्या आणि शेत बघायचा, त्याचं लग्न व्हायचं होतं. कुमारची बायको शिवकन्या, आणि त्यांची मुलगी समृद्धी, जी पौर्णिमाबाईंच्याच शाळेत चौथीला होती.

दिवेलागणीला त्या ओसरीवर पंगत बसायची. गोल. मधे कालवणाचं पातेलं, ठेच्याचा खल, कांद्याचा ढीग. म्हातारा सकाळपासूनच्या शेळ्यांच्या खोड्या सांगायचा, कुमार जीपमधल्या पॅसेंजरांच्या नकला करायचा. ओसरीच्या कोपऱ्यातच चूल होती. शिवकन्या तिथं भाकरी थापायची, धुरपताबाई ती दुरडीत घेऊन वाढायची. हसण्याचा आवाज भिंतीवरून आमच्याकडं यायचा. पौर्णिमाबाई घास हातात धरून ऐकायच्या.

दोन घरांत येणं-जाणं होतं. भिंतीवरून वाटी जायची, वाटी यायची. वेळा अमावस्येला शेतात पूजा होऊन सगळ्यांनाच जेवायला बोलावणं असतं, तसं यांनाही असायचं. पण घरच्या पंगतीला मात्र कधी हाक आली नाही. का आली नाही ते कुणी बोललं नाही, आणि न बोलता दोन्हीकडं सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा समृद्धीच्या दाखल्याच्या कामानं शिवकन्या आत आली. बाई कागद शोधेपर्यंत ती माझ्यापाशी उभी राहिली. तिनं माझ्या कडेवरून तळहात फिरवला. भाकरी थापणाऱ्या बाईचा तळहात ओळखू येतो, मधे गुळगुळीत आणि कडेला खरखरीत.

"बस की शिवकन्या. चहा टाकते."

ती खुर्चीच्या अगदी काठावर बसली. उठायला सोपं जावं अशी.

"मॅडम, एक विचारू का? तुमच्यात समदे एकदमच बसत्यात का हो जेवायला?"

पौर्णिमाबाई चहात साखर घालत होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

"हो. बसतात की."

"साहेबबी? पोरगीबी?"

"हो. सगळे."

शिवकन्या सहा खुर्च्यांकडं बघत राहिली. बाईंनी विषय बदलला. "तुमच्यात तर केवढी मजा असते. रोज हसणं ऐकू येतं इथंपर्यंत. मला वाटतं तुमच्यासारखं मांडी घालून गोल बसावं."

"व्हय," शिवकन्या म्हणाली, "लई मजा आसती."

दोघी खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. दोघींनी आपल्या ताटातला चांगला घास तेवढा दाखवला. पण त्या दिवसापासून दोघींचीही ओढ वाढली. शिवकन्या भाकरी थापताना आमच्या खिडकीकडं बघायला लागली. तिला मी हवा होतो. आणि पौर्णिमाबाईंना मी नकोसा व्हायला लागलो.

माणसाचं हे मला अजून नीट उमगलेलं नाही. हाताशी असलेल्या गोष्टीचे कोपरे लागतात, लांबच्या गोष्टीचे लागत नाहीत. म्हणून लांबची गोष्ट नेहमी गोल दिसते.

पुढं सहाव्या वर्षीच्या दिवाळीत माझं ठरलं. साहेब येणार, मुलगी येणार म्हणून बाईंनी वह्या-कपडे उचलून मला स्वच्छ पुसलं, मसालेभात केला, तीन ताटं मांडली. दुपारी भंडाऱ्याहून फोन आला, रजा रद्द झाली. तासाभरानं मुलीचा आला, मैत्रिणींबरोबर कोकणात जातेय, पाडव्याला येते. बाईंनी दोन ताटं उचलून परत मांडणीवर ठेवली. तिसऱ्यासमोर बसल्या. पलीकडं ओसरीवर दिवाळीचं हसणं चाललं होतं.

त्या मोठ्यानं बोलल्या, आणि घरात ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. "हे टेबलच नसतं तर एवढं रिकामं दिसलं नसतं."

उठून त्या भिंतीपाशी गेल्या. "शिवकन्या, कुमारभाऊंना म्हणावं टेबल घेऊन जा. मला नको झालंय."

शिवकन्येला आधी ते खरं वाटेना. धुरपताबाई म्हणाली, "फुकटचं कसं घ्यावं?" आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरून खरवसाचं मोठं भांडं आलं. कुमारनं आणि वैजनाथनं मला उलटं करून भिंतीवरून नेलं. माझे पाय आभाळाकडं होते. पौर्णिमाबाईंच्या घरातून त्या घरात शिरताना मला कुणी काही विचारलं नाही. लाकडाला कुणी विचारत नाही.

शिवकन्येनं मला किती वेळा पुसलं असेल! तेलाचं बोट लावून, कोरड्या फडक्यानं, पुन्हा पदरानं. समृद्धी सहाही खुर्च्यांवर आळीपाळीनं बसून आली.

अडचण निघाली ती जागेची. ओसरीत मी मावायचा तर कोपऱ्यातली चूल हलवणं भाग होतं. शिवाय नव्या टेबलावर धूर कशाला? कुमारनं चूल मागच्या अंगणात नेली. त्या एका गोष्टीनं काय काय हललं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या दिवशी म्हातारा, कुमार आणि वैजनाथ बसले. बिभीषणला पाय खाली सोडून जेवता येईना, त्यानं खुर्चीवरच मांडी घातली. चौथ्या खुर्चीवर समृद्धी. पाचवीवर कुमारचा मोबाईल आणि टोपी. सहावी मोकळी. शिवकन्या मागच्या अंगणात भाकरी करत होती आणि धुरपताबाई दोन खोल्या ओलांडून आणत होती. चौथ्या भाकरीला म्हातारीचे गुडघे बोलले. मग शिवकन्याच थापायची, भाजायची आणि धावत आणून वाढायची. आधी चुलीपाशी बसून तिला नकला निदान ऐकू तरी यायच्या. आता ती भाकरी घेऊन पोचेपर्यंत हसून झालेलं असायचं.

आणि हसणंही कमी झालं. गोल बसलं की माणसाला माणूस दिसतो. माझ्याभोवती तिघं तीन बाजूंना. कुमारनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायला सुरुवात केली.

बायका मागनं, स्वयंपाकघरात. तशा त्या आधीही मागनंच जेवायच्या. सून आणि सासू, समोर उरलेलं कालवण, कधी नुसताच ठेचा. हे पौर्णिमाबाईंना खिडकीतून कधी दिसलं नव्हतं, कारण पंगत उठल्यावर त्या खिडकी लावून घ्यायच्या.

त्यांनी माझ्या जागी चटई टाकली होती. चार दिवस त्यावर मांडी घालून हौसेनं जेवल्या. पाचव्या दिवशी चटईही तेवढीच मोकळी दिसायला लागली. आणि खिडकीतून बघतात तर ज्या पंगतीसाठी त्यांनी मला काढलं, ती पंगतच उठून गेलेली.

असे सात-आठ महिने गेले. एका दुपारी औश्याकडचे पाहुणे आले, वैजनाथसाठी स्थळ घेऊन. तीन माणसं. समृद्धी नुकतीच जेवायला बसली होती, ताटात पहिली भाकरी. कुमार म्हणाला, "ऊठ गं, पावणे आलेत. आत जाऊन आईसंगं जेव."

समृद्धी ताट उचलून आत निघाली. तेव्हा शिवकन्या भाकरी घेऊन दारात आली होती. दोघी दारात आमनेसामने झाल्या. पोरगी वाट द्यायला बाजूला झाली, ताट सांभाळत, सराईतासारखी. शिवकन्येनं तिच्याकडं पाहिलं. मग पाहुण्यांना भाकरी वाढली. हात भाजला असावा, कारण तिनं तो बराच वेळ मुठीत धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना पौर्णिमाबाई भिंतीपाशी आल्या.

"काय गं, टेबल आल्यापासून तुमच्यात हसणं ऐकू येत नाही."

शिवकन्या ओसरी झाडत होती. झाडू हातात धरून तिनं विचारलं, "मॅडम, खरं सांगा. तुमच्यात समदे एकदम बसायचे का?"

बाईंनी ओल्या साडीची घडी पुन्हा उलगडली. "दोन महिने बसलो. सहा वर्षांतले दोन महिने."

"आन् ऱ्हायलेली वर्सं?"

"उभ्यानं. ओट्यापाशी. तुमच्याकडं बघत."

शिवकन्या हसली, पण त्यात हसू नव्हतं. "बगा आता. म्या त्या पंगतीत एकदाबी बसले न्हाय मॅडम. बारा वर्सं झाली लग्नाला. माझी पाठ दिसायची तुमास्नी, तोंड न्हाय."

पौर्णिमाबाईंनी साडी भिंतीवरच ठेवली. "मला वाटायचं तू त्यात आहेस."

"आन् मला वाटायचं टेबल आलं की म्या बसंन." ती माझ्याकडं वळून बघत म्हणाली, "खुर्ची आली म्हणून कुणी बस म्हणत न्हाय."

"मग न म्हणता बस," बाई म्हणाल्या. "त्या बंगल्यातल्या साहेबाच्या पोरीला कुणी बस म्हटलं नव्हतं." शिवकन्येला कोण साहेब, कुठली पोरगी, काही कळलं नाही. पण पहिलं वाक्य कळलं.

त्या रविवारी दुपारी शिवकन्येनं आधी सगळ्या भाकऱ्या करून घेतल्या. दुरडी माझ्यावर आणून ठेवली. वांग्याच्या कालवणाचं पातेलं, शेंगांची चटणी, कांदा, पाण्याचा तांब्या, सगळं. पाचव्या खुर्चीवरची कुमारची टोपी खुंटीला अडकवली आणि त्या खुर्चीत बसली. काठावर नव्हे, पाठ टेकून. समृद्धीला शेजारी बसवलं. दोघींची ताटं वाढून घेतली.

माझ्याखाली तिनं दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना अडकवून घेतले होते. वरून कुणाला दिसलं नाही.

तिघं पुरुष हात धुऊन आले आणि थबकले.

"वाढ की," कुमार म्हणाला.

"समदं म्होरं हाय. घ्या."

वैजनाथ दोघांकडं बघून हळूच बसला आणि दुरडीतून भाकरी घेतली. बिभीषण उभाच. तो दाराकडं बघत होता. दारात धुरपताबाई होती.

मला वाटलं होतं म्हातारी सुनेला उठवेल, नाहीतर मायेनं शेजारी येऊन बसेल. तिनं दोन्ही केलं नाही. तिला राग आला, असा राग मी त्या घरात पाहिला नव्हता.

"पन्नास वर्सं म्या समद्यांच्या मागनं जेवले. उरलं तर खाल्लं, न्हाय उरलं तर पाणी प्याले. माझ्यासाठी कुणी टेबल आणलं न्हाय. कुणी बस म्हणलं न्हाय. ती काय येडी म्हणून जेवले व्हय म्या? आन् ही आज आपली आपण बसली!" आवाज फाटला. "जेवा. मला भूक न्हाय." आणि ती आत निघून गेली.

"आईला मनव जा," कुमार दबक्या आवाजात म्हणाला.

"जेवून जाते," शिवकन्या म्हणाली. पण घास काही तोंडात जाईना. डोळ्यांतलं पाणी ताटात पडू नये म्हणून ती मान वर धरून बसली. उठली मात्र नाही.

मग बिभीषण जागचा हलला. आतल्या खोलीच्या दारात जाऊन इकडंतिकडं बघत म्हणाला, "समृद्धी, ताटं कुठं असत्यात गं आपल्यात?" पाऊणशे वर्षं ज्या घरात जेवला त्या घरात ताट कुठं असतं ते त्याला नातीला विचारावं लागलं. पोरीनं दाखवलं. म्हाताऱ्यानं दोन भाकऱ्या घेतल्या, कालवण घेताना निम्मं माझ्यावर सांडलं, आणि ताट दोन्ही हातांत धरून आत गेला.

स्वयंपाकघरातलं मला दिसत नाही, ऐकू येतं.

"घे."

"ठिवा तिथं."

"घे म्हणतो न्हवं."

ताट जमिनीवर टेकलेलं ऐकू आलं. मग म्हातारीचा आवाज, "तुमी जेवला?"

"न्हाय. तू जेव. म्या बसतो हितं."

ओसरीत कुणी चावत नव्हतं. मग आतून बारीक आवाज आला, "कांदा आणला न्हाय तुमी."

बिभीषण कांदा न्यायला बाहेर आला. त्यानं कुणाच्याच तोंडाकडं बघितलं नाही. पण कांदा घेताना शिवकन्येच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं करून गेला. शिवकन्येनं पहिला घास घेतला.

दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. कुमार आठवडाभर घुश्श्यात होता, दोन वेळा उमरग्याला जीप स्टँडवरच खाऊन आला. आजही घाईच्या दिवशी शिवकन्या मागनंच जेवते, पेरणीत तर रोजच. पण रविवार ठरून गेला. चूल अंगणातच राहिली, मात्र भाकऱ्या आधी होतात आणि मग सगळे बसतात. पातेलं मधे असल्यानं मोबाईलला जागा उरत नाही, म्हणून नकला थोड्या परत आल्या.

धुरपताबाई चौथ्या रविवारी बसली. एक पाय वर घेऊन, अंग चोरून. "बैलावर बसल्यागत वाटतंय," म्हणाली. तिच्यासमोर समृद्धी वांग्याची देठं बाजूला काढत होती. म्हातारी तिच्याकडं बघत राहिली, रागावली नाही. मग तिची नजर भिंतीपलीकडं गेली. तिकडच्या खिडकीत पौर्णिमाबाई ओट्यापाशी उभ्यानं जेवताना दिसत होत्या.

"ती मास्तरीणबाई एकटीच जेवती का रोज?"

"रोज," शिवकन्या म्हणाली.

धुरपताबाई उठली. खुर्चीवरून उतरायला तिला वेळ लागला. भिंतीपाशी जाऊन तिनं हाक मारली, शेळ्यांना मारतात तशी खणखणीत.

"ओ मास्तरीणबाई! या जेवायला."

खिडकीतून बाईंनी वळून बघितलं. "ताट घेऊन येऊ का?" त्यांनी विचारलं. जपून विचारलं.

म्हातारी क्षणभर थांबली. त्या प्रश्नात पिढ्यानपिढ्यांचं वेगळं ताट आहे हे तिला कळलं, म्हणूनच थांबली. मग म्हणाली, "ताट कशाला आणताव? हाय की हितं आमचं."

पौर्णिमाबाई झुणक्याची वाटी घेऊन आल्या. वैजनाथनं आपली खुर्ची दिली आणि स्वतः पालथ्या बादलीवर बसला. धुरपताबाईनं स्वतःच्या हातानं ताट वाढलं. बाईंनी बसताना माझ्या कडेखालून हात फिरवला, जुन्या ओळखीचा.

"मधे वाटत होतं टेबल उगाच दिलं," त्या म्हणाल्या.

"न्या मग परत," शिवकन्या म्हणाली.

"नको बाई. तिकडं गेलं की पुन्हा इकडंच बघत बसेन." दोघी हसल्या. धुरपताबाईला कळलं नाही का हसतात, पण तिनं झुणक्याचा दुसरा घास घेतला आणि मीठ बरोबर आहे म्हणाली.

आज माझी अवस्था म्हणाल तर, मधोमध गरम पातेल्याचा काळा गोल डाग पडलाय. समृद्धीनं कर्कटकानं आपलं नाव कोरलंय. एका खुर्चीचा पाय म्हाताऱ्याच्या मांडीच्या वजनानं सैल झालाय. हावही संपलेली नाही. समृद्धीला माझ्यावर काच हवी, मैत्रिणीकडं आहे तशी. कुमारला एसी बसवलेली जीप हवी. पौर्णिमाबाईंनी भंडाऱ्याजवळ बदली मागितलीय, आणि साहेबांनी लोहाऱ्याजवळ. दोघांनी एकमेकांना सांगितलेलं नाही. आता मंजूर कुणाची होते ते बघायचं.

हवंसं वाटणं थांबवा असं मी म्हणणार नाही. ते मला जमत असेल, कारण मला पोट नाही. माझी मागणी लहान आहे. दुसऱ्याच्या घरचं टेबल बघितलंत, किंवा दुसऱ्याच्या ओसरीतली पंगत, आणि जीव तुटला, तर लगेच सुताराकडं पळू नका. त्या घरात जा, बसा, आणि शेवटी कोण जेवतं तेवढं विचारा.

समृद्धी माझ्यावरच्या वह्या उचलतेय. म्हणजे ताटं यायला लागली. मी गप्प बसतो आता. जेवताना लाकडानं बोलू नये.